माथेरानचे घोडे

मार्गशीर्ष-पौषातील पहाट असते. कर्जत तालुक्यातील उल्हास नदीचे खोरे धुक्याने काठोकाठ भरून गेलेले असते. भाताची कापलेली खाचरे, नेरळचे रेल्वे स्थानक, पायथ्याच्या वाड्या-वस्त्या, सारे त्या पांढऱ्या पडद्याआड दडलेले असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील माथेरानचा माथा तेवढा धुक्याच्या वर राहतो. अद्याप पुरते उजाडलेले नसते; तोच जांभळीच्या दाट झाडीतून एक ओळखीचा आवाज येऊ लागतो. खडकावर पडणाऱ्या नालांचा तो आवाज. तांबड्या मातीच्या वाटेने घोडे एकामागून एक दस्तुरी नाक्याकडे निघालेले असतात. कडाक्याच्या थंडीच्या दिवशी त्यांच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ लांबूनही दिसते. प्रत्येक घोड्याच्या बाजूने, एका हाती लगाम धरून आणि दुसरा हात घोंगडीत लपेटून, त्याचा घोडेवाला चालत असतो. माथेरानचा दिवस सुरू होतो तो असा.

दस्तुरी नाक्यापाशी मोटारींचा रस्ता संपतो. येथून पुढे बाजारपेठेपर्यंतची अडीच-तीन किलोमीटरांची वाट पायी चालता येते किंवा घोड्यावर बसून जाता येते. रुग्णवाहिकेसारखी अत्यावश्यक सेवेची वाहने सोडली, तर या गावात मोटारीला प्रवेश नाही. त्यामुळे घोडा ही येथे हौसेची वस्तू नाही. पाहुण्यांना तो नेतोच. शिवाय भाजीपाला, धान्य, स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या, घरबांधणीचे सामान हेही त्याच्या पाठीवरून येते. आपल्याकडे इतरत्र घोडा दिसतो तो वरातीत, नाही तर पोलिसांच्या संचलनात. माथेरानात मात्र परवाना मिळालेले चारशेंहून अधिक घोडे रोजच्या कामाला जुंपलेले आढळतात, आणि अनेक कुटुंबे त्यांच्या चार पायांवर उभी असतात.

हे गाव वसले तरी कसे, ते पाहू. माथ्यावरील रान ते माथेरान, अशी या नावाची फोड लोक करतात. या रानात धनगर, ठाकूर आणि कातकरी यांचा वावर पूर्वापार होता. १८५० सालच्या मे महिन्यात ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे आजच्या खालापूर तालुक्यातील चौक या गावी मुक्कामास होते. समोरचा डोंगर चढून ते वर आले आणि तेथील गारव्याने मोहून गेले. पुढे साहेबलोकांचे बंगले वर उठू लागले. माथेरानचा 'शोध' लागला असे आपण म्हणतो, तो मुंबईच्या लोकांपुरता. ठाकरांच्या पायांना त्या वाटा केव्हाच्या ठाऊक होत्या.

१८५६ साली मुंबईहून निघालेली रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली. आता पाहुणे नेरळला उतरू लागले आणि तेथून तट्टावर बसून किंवा पालखीतून डोंगर चढू लागले. याविषयी एक आख्यायिका सांगतात. मुंबईचे धनाढ्य व्यापारी सर आदमजी पीरभॉय हे एकदा नेरळला उतरले. पण त्या दिवशी त्यांना ना तट्टू मिळाले, ना पालखी. माघारी फिरताना त्यांनी निश्चय केला, की या डोंगरावर आपण आगगाडी नेऊ. कथा खरी असो वा नसो, त्यांच्या घराण्याने हे काम अंगावर घेतले आणि १९०७ साली नेरळ ते माथेरान ही सुमारे २१ किलोमीटरांची चिमुकली आगगाडी धावू लागली, हे मात्र खरे. म्हणजे एका तट्टाच्या अभावी ही गाडी जन्मास आली, असे गमतीने म्हणता येईल.

गाडी आली, तरी घोडे गेले नाहीत. पावसाळ्यात नेरळकडून येणारी गाडी बंद असते. २००५ सालच्या २६ जुलैच्या प्रलयात तर रुळांखालचा डोंगरच वाहून गेला आणि हा मार्ग पूर्ववत होण्यास दीड-दोन वर्षे लागली. अशा वेळी माथ्यावरच्या गावाचा भार पुन्हा घोड्यांवर आणि माणसांच्या खांद्यांवरच येतो. त्याआधीच, २००३ सालच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने माथेरानचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला होता, त्यामुळे मोटारींना असलेली बंदी अधिकच दृढ झाली. ज्या नियमाने रानातील शेकरू आणि जांभळी-हिरड्यांची दाट छाया राखली, त्याच नियमाने घोड्याचे कामही राखले.

डोंगर आणि घोडा यांचे नाते या प्रदेशाला नवे नाही. खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड नावाची एक अरुंद खिंड आहे. १६६१ सालच्या फेब्रुवारीत, म्हणजे हिवाळा सरता सरता, शाइस्तेखानाने धाडलेला सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन घाटावरून कोकणात उतरू लागला. वाट इतकी चिंचोळी, की घोड्यामागे घोडा असेच जावे लागे. दोन्ही बाजूंच्या दाट झाडीत शिवाजी महाराजांचे मावळे दबा धरून बसले होते. फौज खिंडीत पुरती अडकताच वरून दगडांचा आणि बाणांचा मारा सुरू झाला. मैदानात वाऱ्यासारखे धावणारे घोडे तेथे ना पुढे जाऊ शकत, ना मागे वळू शकत. अखेर कारतलबखानाने शरणागती पत्करली आणि सामानसुमान मागे टाकून तो जीव घेऊन परतला. डोंगरात घोड्यांची संख्या किंवा त्यांचा वेग यांना फारसे मोल नसते. वाट ओळखणाऱ्या पायांना असते, हा धडा त्या खिंडीने दिला.

मराठ्यांच्या फौजेत असे पाय असणारे घोडे होते. भीमा नदीच्या काठावर वाढलेली भीमथडी तट्टे अंगाने लहान, पण काटक. थोड्या दाण्यावैरणीवर राहणारी आणि दिवसभर चालूनही न थकणारी ही जात इतिहासात फार नावाजली गेली. मध्यंतरी तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. अलीकडे मात्र तिची देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून शासकीय नोंद झाली आहे.

आता माथेरानच्या घोड्याचा दिनक्रम पाहू. घोडेवाल्याच्या घरी पहाटे चूल पेटते. पण पहिला घास घोड्याच्या मुखी जातो. 'आधी घोडा, मग आपण' हा पागेचा जुना रिवाज आहे, आणि त्यामागे कारणही आहे. घोड्याची शरीररचना मोठी, पण त्याचे जठर मात्र त्या मानाने लहान असते. म्हणून त्याला थोडे थोडे आणि पुष्कळ वेळा खावे लागते. शिवाय घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेले वाईट अन्न बाहेर टाकण्याचा मार्ग त्याला निसर्गाने ठेवलेला नाही. बुरसलेले गवत किंवा एकदम पोटात गेलेला जास्त दाणा यांनी त्याला पोटशूळ उठतो, आणि वेळीच उपाय न झाल्यास तो प्राणावरही बेततो. म्हणून जाणता घोडेवाला गवताची पेंढी आधी हुंगून पाहतो, मग ती घोड्यापुढे टाकतो. भिजवलेला हरभरा आणि कोंडा यांची चंदी तोबऱ्यात घालून तो तोबरा घोड्याच्या तोंडाला बांधतो, आणि घोडा खात असता त्याच्या अंगाला खरारा करतो.

खरारा म्हणजे केवळ अंग स्वच्छ करणे नव्हे. हिवाळ्यात घोड्याच्या अंगावरचे केस दाट आणि लांब वाढतात. ती त्याची निसर्गदत्त घोंगडी होय. त्या केसांत दिवसभर तांबडी धूळ बसते. ती तशीच राहिली आणि वर खोगीर कसले, तर कातडी सोलवटते व पाठीवर जखम होते. खरारा करताना हात साऱ्या अंगावरून फिरतो. कोठे सूज आहे, कोठे खरचटले आहे, कोणता पाय ऊन लागतो, हे सारे हाताला कळते. घोडा बोलत नाही. त्याचे दुखणे ओळखण्याची भाषा म्हणजे हा फिरणारा हात.

त्यानंतर खुरांची तपासणी होते. नखांप्रमाणे घोड्याचे खूर सतत वाढत असतात. म्हणून साधारणतः दीड महिन्याच्या आत नालबंद जुने नाल काढतो, खूर तासून सारखे करतो आणि नवे नाल ठोकतो. खुराच्या ज्या भागात खिळे बसतात तेथे संवेदना नसते. तथापि खिळा रेसभर आत गेला, तर घोडा लंगडतो. खडकाळ वाटेवर लंगडा घोडा म्हणजे घरातला बंद पडलेला चरखा. त्याच्याबरोबर साऱ्या घराची मिळकत थांबते.

दिवसभर घोडा चढ-उतार करतो. वाट उताराची असली, की तो पुढचा पाय टाकण्याआधी क्षणभर थबकतो, मातीचा अंदाज घेतो आणि मगच अंगाचा भार पुढे नेतो. पहिल्यांदाच घोड्यावर बसलेले एखादे मूल भीतीने डोळे मिटून घेते. घोडा मात्र डोळे उघडे ठेवून चाललेला असतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते. केवळ थेट पाठीमागचे आणि अगदी नाकासमोरचे त्याला दिसत नाही. म्हणूनच 'घोड्याच्या मागून जाऊ नये' असे वडीलधारी माणसे सांगतात. त्याला न दिसणाऱ्या बाजूने कोणी अकस्मात आले, तर तो भयाने लाथ झाडतो, रागाने नव्हे.

संध्याकाळी काम संपले, तरी घोडेवाल्याची सुटका नसते. घामाने निथळणाऱ्या घोड्याला तसेच थंडीत उभे करून चालत नाही. त्याला हळूहळू फिरवून त्याचा घाम जिरवावा लागतो, अंग पुसावे लागते, आणि मग पाठीवर झूल टाकून त्याला पागेत बांधावे लागते. रात्री घोडा बहुधा उभ्यानेच झोपतो. त्याच्या पायांतील स्नायुबंधांची रचनाच अशी असते, की गुडघे न वाकता तो उभ्याउभ्या डुलकी घेऊ शकतो. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवे व्हावे लागते, आणि तो आडवा होतो तो आसपास निर्धास्त वाटले तरच. पागेत पाय पसरून झोपलेला घोडा हे त्याच्या धन्याला मिळालेले सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र होय.

दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत हा उद्योग चालतो. जूनमध्ये पाऊस कोसळू लागला, की पाहुणे कमी होतात आणि मिळकत आटते. घोड्याचे पोट मात्र आटत नाही. आपल्याकडे एक जुने कोडे आहे. घोडा का अडला, भाकरी का करपली, पाने का सडली? उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. पावसाळ्यात काम नसले, तरी घोड्याला रोज फिरवावेच लागते, नाही तर त्याचे पाय आखडतात आणि स्वभावही बिघडतो. चार महिने बसून खाणाऱ्या जनावराला जो मायेने सांभाळतो, त्यालाच हिवाळ्यात त्याच्या पाठीवर हात ठेवण्याचा अधिकार पोहोचतो.

माथेरानात ऑलिंपिया नावाचे एक मैदान आहे. झाडीने वेढलेल्या या मैदानावर घोड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. मुंबईच्या महालक्ष्मीच्या मैदानावरही १८८३ पासून हिवाळ्याच्या हंगामात शर्यती होत आल्या; पण या दोहोंत मोठे अंतर आहे. महालक्ष्मीला धावणारे घोडे केवळ शर्यतीसाठीच पैदास केलेले असतात. त्यांचा खुराक निराळा, शिक्षण निराळे आणि मोल तर लाखांच्या घरात. माथेरानच्या मैदानावर धावतो तो कालपर्यंत पाहुण्यांना टोकांवरचे देखावे दाखवणारा घोडा, आणि त्याच्यावर मांड ठोकून बसतो तो घोडेवाल्यांच्या घरातला तरुण. एरव्ही दिवसभर मुलांना घेऊन सावकाश पावले टाकणारा हा घोडा मैदानाच्या कडेला येताच कान टवकारतो. इशारा होताच त्याची मान लांबते, आयाळ उडू लागते, तांबड्या धुळीचा लोट उठतो, आणि पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, की हाच का तो सकाळचा शांत घोडा! वर्षभर पाठीवर घेतलेले ओझे त्या काही क्षणांपुरते उतरलेले असते. आपण मुले शाळेची घंटा होताच मैदानाकडे धावतो, तसेच ते धावणे भासते.

कष्टकरी घोड्यांची अशी शर्यत दूरच्या जपानातही होते. जपानच्या उत्तरेला होक्काइडो नावाचे मोठे बेट आहे. तेथील ओबिहिरो शहरी हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंतही उतरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोक तेथे वसाहत करण्यास गेले, तेव्हा अरण्य तोडणे, ओंडके ओढणे, बर्फावरून घसरगाड्या नेणे, जमीन नांगरणे, ही सारी कामे घोड्यांनी केली. पुढे युरोपातून आणलेल्या भारी जातींच्या संकराने तेथे अवाढव्य घोडे निपजले. एकेकाचे वजन सुमारे १,००० किलो, म्हणजे माथेरानच्या घोड्याच्या दुपटीहून अधिक. सणासुदीला शेतकरी आपापल्या घोड्यांची ताकद अजमावीत. त्यांतूनच 'बान-एइ' नावाची शर्यत रूढ झाली.

या शर्यतीत घोडा भरधाव धावत नाही. अर्धा टन ते एक टन वजनाची लोखंडी घसरगाडी ओढत त्याला २०० मीटरांची सरळ वाट पार करायची असते, आणि त्या वाटेत मातीचे दोन उंचवटे असतात. दुसरा उंचवटा अधिक उंच. त्याच्या पायथ्याशी येताच चालक घोड्याला थांबवतो. शर्यत चालू असताना थांबायचे, हे ऐकून आपणास नवल वाटेल; पण घोड्याला केव्हा दम खाऊ द्यावा आणि केव्हा पुढे न्यावे, हे ओळखण्यातच तेथील चालकाचे सारे कसब असते. घाई करणारा मागे पडतो. प्रेक्षक कडेकडेने घोड्याबरोबर चालत त्याला उत्तेजन देतात. हिवाळ्यात पहाटेच्या अंधारात हे घोडे सरावाला निघतात, तेव्हा त्यांच्या अंगांतून वाफेचे ढग उठतात आणि ते पाहण्यास लोक बर्फात उभे राहतात.

शेतात ट्रॅक्टर आले, जंगलात यंत्रे आली, आणि होक्काइडोच्या या घोड्यांचे मूळ काम संपले. आज त्यांची पैदास टिकून आहे ती मुख्यतः शर्यतीच्या आधारावर. पूर्वी ही शर्यत चार शहरांत होई. २००७ पासून ती एकट्या ओबिहिरोत उरली आहे. २०२१ साली तेथे एका चालकाने कोसळलेल्या घोड्याला लाथ मारल्याचे उघडकीस आले, तेव्हा जपानभर निषेध झाला आणि त्या चालकाला शासन करण्यात आले. ज्याच्या कष्टावर आपले पूर्वज जगले, त्याला असे वागवणे त्या लोकांना सहन झाले नाही.

त्याच देशात, होन्शू बेटाच्या उत्तर टोकावर शिरियाझाकी येथे, 'कांदाचिमे' नावाचे घोडे आहेत. त्या नावाचा अर्थ 'थंडीत उभे राहणारे घोडे' असा होतो. समुद्रावरून येणाऱ्या हिमवाऱ्याला पाठ देऊन ते निश्चल उभे राहतात. कामाला कोणी नेईनासे झाल्यामुळे त्यांची संख्या घटत गेली आणि १९९५ साली अवघे नऊ घोडे उरले. त्यानंतर लोक जागे झाले आणि त्यांनी प्रयत्नपूर्वक तो कळप पुन्हा वाढवला. माणसाने एखाद्या प्राण्याला आपल्या कामासाठी शेकडो वर्षे वाढवले, आणि ते काम संपले, तर त्या प्राण्याचे पुढे काय व्हावे? जपानच्या या दोन्ही कथांतून हाच प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न आता आपल्या माथेरानच्याही दाराशी आला आहे. दस्तुरी नाक्यापासून गावापर्यंत माणसेच माणसांना हातरिक्षांतून ओढून नेत. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे विजेवर चालणाऱ्या सात रिक्षा प्रायोगिक स्वरूपात धावू लागल्या. पुढे २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला न शोभणारी ठरवली आणि सहा महिन्यांच्या आत ती बंद करून रिक्षा ओढणाऱ्यांना विजेच्या रिक्षा देण्याची व्यवस्था करावी, असा आदेश दिला. हा निर्णय न्याय्य आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. आजारी माणसे, वृद्ध आणि दूर शाळेत जाणारी मुले यांचीही त्यामुळे सोय होते.

तथापि घोडेवाल्यांच्या मनात चिंता आहे. चाक आले, तर पाहुणा घोड्यावर कशाला बसेल? मुख्य रस्त्यावर बसवलेल्या गुळगुळीत फरशांवरून नालांचे पाय घसरतात, ही त्यांची आणखी एक तक्रार. तिकडे घोड्यांच्या लिदीने आणि टापांनी उडणाऱ्या धुळीने त्रास होतो, असे म्हणणारेही आहेत. दोन्ही बाजूंना काही ना काही तथ्य आहे. मात्र या वादात ज्याला बोलता येत नाही, त्याची बाजू कोणी मांडायची?

ती आपणच मांडली पाहिजे. आपल्या देशात १९६० सालापासून प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. पण कायदा पागेत येऊन खरारा करीत नाही. घोड्यावर त्याला पेलेल एवढेच ओझे घालणे, थकलेल्या घोड्यावर बसण्याचे नाकारणे, जखमी पाठ दिसली तर घोडेवाल्याला नम्रपणे पण स्पष्टपणे सांगणे, एवढे तर माथेरानला जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला करता येईल. आणि विजेच्या रिक्षांबरोबर रानातल्या मातीच्या वाटा घोड्यांसाठी राखून ठेवल्या, तर चाकाला चाकाचे आणि टापेला टापेचे काम मिळू शकेल. रस्ता चाकाचा असेल; कड्यावरची, मुळांनी आणि दगडांनी भरलेली वाट अद्यापही घोड्याचीच आहे.

हिवाळ्यातला सूर्य प्रबळगडामागे उतरतो. खोऱ्यात पुन्हा धुके दाटू लागते. दस्तुरी नाक्यावरून शेवटचा घोडा परत निघतो. आता त्याच्या पाठीवर कोणी नसते. घोडेवाल्याने लगाम सैल सोडलेला असतो, कारण घरची वाट घोड्याला दाखवावी लागत नाही. दोघेही थकलेले असतात. दोघांचीही पावले एका तालात पडत असतात. पागेत पोहोचल्यावर घोडेवाला आधी त्याचा तंग सैल करील, त्याच्या पुढ्यात गवत टाकील, पाठीवरून हात फिरवील आणि मगच आपल्या चुलीपाशी जाऊन बसेल. ज्या घरात हा क्रम अजून मोडलेला नाही, तेथे घोड्याला भिण्याचे कारण नाही.

शब्दार्थ
खरारा : घोड्याचे अंग घासून साफ करणे, त्यासाठीचा दातेरी ब्रश. चंदी : घोड्याला द्यावयाचा दाणा. तोबरा : दाणा भरून घोड्याच्या तोंडाला बांधण्याची पिशवी. तंग : खोगीर आवळून बसवण्याचा पट्टा. झूल : जनावराच्या पाठीवर घालावयाचे जाड वस्त्र. नालबंद : घोड्यांना नाल ठोकणारा कारागीर. पाग : घोडे बांधण्याची जागा. मांड ठोकणे : घोड्यावर घट्ट बैठक घेणे.

स्वाध्याय
१. माथेरानात घोड्याला एवढे महत्त्व का आले? दोन कारणे सांगा.
२. उंबरखिंडीच्या लढाईतून घोड्यांविषयी कोणता धडा मिळाला, असे लेखक म्हणतो?
३. कारणे द्या : (अ) जाणता घोडेवाला गवत हुंगून पाहतो. (आ) पावसाळ्यातही घोड्याला रोज फिरवावे लागते. (इ) घोड्याच्या मागून जाऊ नये.
४. माथेरानची शर्यत आणि ओबिहिरोची शर्यत यांतील साम्य व भेद आपल्या शब्दांत लिहा.
५. 'पागेत पाय पसरून झोपलेला घोडा हे त्याच्या धन्याला मिळालेले सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र होय.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : दबा धरून बसणे, कान टवकारणे, प्राणावर बेतणे, दम खाणे.
७. आपल्या गावात किंवा परिसरात एखादे यंत्र आल्यामुळे ज्या प्राण्याचे काम कमी झाले, त्याविषयी वडीलधाऱ्या माणसांकडून माहिती मिळवा व दहा-बारा ओळी लिहा.